काचेआडचा अंगठा

खरं सांगायचं तर बोलणं हे त्याचं कामच नव्हतं. हृदयाचा सीटी स्कॅन काढायचा, फोटो डॉक्टरांकडे पाठवायचे आणि पुढच्या माणसाला आत घ्यायचं, झालं. काय दिसलं ते पेशंटला डॉक्टर सांगतील. तशी पाटीच होती लाल अक्षरांत, मशीन चालवायच्या खोलीच्या दाराशी. पण सव्वीस वर्षं त्याच दारातून आत-बाहेर करणाऱ्याला पाटी कुठली दिसायला! तीन मशीनं त्याच्या हातांखालून गेली. खुर्ची मात्र तीच, एका हाताचं रेक्झिन फाटलेली.

पेशंट आणि तो यांच्यामध्ये शिशाची जाड काच असायची. स्कॅन संपला, टेबल बाहेर सरकलं, की पेशंट उठता उठता त्या काचेकडे बघायचा. न बघणारा माणूस त्याला सव्वीस वर्षांत भेटला नाही. मोठे साहेब असोत नाहीतर हमाल, उघड्या छातीवर तारा चिकटवलेल्या अवस्थेत सगळे सारखेच दिसतात, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. मग तो काचेआडून अंगठा वर करायचा. बस्स! समोरचा माणूस फुलायचा अगदी. कोणी हात जोडायचं, कोणी टेबलावरच रडायचं, एका आजोबांनी तर शिट्टी मारली होती.

सुई टोचणाऱ्या सिस्टरनी त्याचं नाव पाडलं होतं अंगठेबहाद्दर. "सही करता येत नाही अशाला म्हणतात हो तसं," त्या वर म्हणायच्या. तो हसायचा. मनातून त्याला ते नाव आवडायचं, हे कशाला लपवा? हॉस्पिटलात इतके डॉक्टर, इतक्या डिग्र्या, पण माणसाला पहिला दिलासा द्यायचा तो ह्याच्या अंगठ्याने. आणि ज्याच्या नसांत काही वाईट दिसायचं त्याचं काय? त्याच्या वेळी हा कीबोर्डवर वाकून उगाच काहीतरी टाइप करत बसायचा. न वर झालेला अंगठाही बोलतो, हे काही त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

आता त्याच्या दादाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच आहे.

दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळेत कवायतीचा मास्तर. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हसणं असं की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावं. पाच वर्षांपूर्वी एकदा जिना चढताना त्याला छातीत जड वाटलं. ह्याने हट्ट करून त्याला आपल्या मशीनवर आणलं. "तुझ्या त्या भोंग्यात मी मावणार आहे का?" असं म्हणत दादा टेबलावर आडवा झाला. ह्याने त्याला नेहमीचं सगळं सांगितलं. औषध शिरेतून जाईल, अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही, घाबरायचं नाही. "झाली तर तू पूस," दादा म्हणाला.

लहानपणी दोघं भाऊ पाण्याच्या बादलीत तोंड घालून कोण जास्त वेळ दम धरतो याची पैज लावायचे. दादा कायम जिंकायचा. स्कॅनच्या वेळी दम धरायचा असतो, म्हणून ह्याने काचेआडून माइकवर सांगितलं, "श्वास आत घे, धर... बादली आहे असं समज." आणि दादाला दम धरलेल्या अवस्थेतच हसू फुटलं. छाती हलली, फोटो हलला. हृदयाच्या खालच्या भागात एक पायरी आली, कापलेल्या चित्राचे दोन तुकडे जरा चुकून जोडल्यासारखी. वरच्या नसा मात्र स्वच्छ दिसत होत्या, म्हणून पुन्हा किरण द्यायला नकोत असं त्याने ठरवलं. नसांत कुठे अडकलेलं काही नव्हतं. दादा उठला, काचेकडे बघितलं, आणि ह्याने अंगठा वर केला. एक नाही, दोन्ही हातांचे.

त्याच दिवशी फोनवर त्याने वहिनींना सांगितलं, "चकाचक आहे. दहा वर्षं बघायला नको." रिपोर्ट दोन दिवसांनी आला. पाकीट ह्यानेच नेऊन दिलं, ते चिकटवलेलंच होतं. दादाने विचारलं, "वाचायचं का?" हा म्हणाला, "मी सांगितलंय ना!" पाकीट कपाटात गेलं. डॉक्टरांनी आधी एक गोळी सुरू केली होती, तीही महिन्याभरात बंद झाली. चकाचक माणसाला गोळी कशाला?

दोन वर्षांनी एका सकाळी साडेआठला वहिनींचा फोन आला. हा तेव्हा दिवसातला पहिला पेशंट टेबलावर घेत होता, फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला.

"भाऊजी, ह्यांना छातीत दुखतंय. घाम पण आलाय. घेऊन येऊ का तिकडे?"

"अहो वहिनी, त्याच्या हृदयाचा फोटो मी स्वतः काढलाय. काल रात्री काय खाल्लं त्याने? अॅसिडिटी असेल. थंड दूध द्या, पडू दे तासभर. मी दुपारी येतो."

"नक्की ना?"

"नक्की."

दुपारी तो गेला तेव्हा घरात शेजारपाजार जमला होता आणि पांढरे कॅनव्हासचे बूट दाराशी तसेच होते.

आता जे झालं ते ऐका, कारण मरण तर कोणाच्याही घरी येतं. दादाचा एकुलता एक मुलगा दूर दुसऱ्या शहरात नोकरीला, तो संध्याकाळी पोचला. खोलीत दहा-बारा माणसं. मुलाने सगळ्यांसमोर आईला विचारलं, "आई, दुखायला लागल्यावर तीन तास तू काय केलंस?" वहिनींनी मान वर केली. मुलाकडे नाही, ह्याच्याकडे बघितलं. पुरता एक क्षण. आणि आपला हा शहाणा मान खाली घालून स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे बघत बसला. वहिनी म्हणाल्या, "दूध दिलं. मला वाटलं पित्त असेल."

"मला वाटलं," असं म्हणाल्या त्या. तिथेच तो तोंड उघडू शकला असता. त्याने मूग गिळले. उद्या सांगू म्हणाला, मग परवा, मग पोरगा परत गेला, आणि मग ती गोष्ट काढायची तरी कशी! सगळं खापर वहिनींच्या डोक्यावर फुटलं. नातेवाईक म्हणाले, शिकलेली बाई, रिक्षा करता येत नव्हती का? पुतण्या आईला रविवारी फोन करायचा, दोन मिनिटं. जेवलीस का, तब्येत बरी ना, ठेवतो. आणि त्यानंतर, दहाच्या ठोक्याला, काकाला फोन करायचा तो तासभर. ऑफिसातलं, घरातलं, क्रिकेटमधलं, सगळं. "काका, तू आहेस म्हणून," असंही एकदा म्हणाला. ह्याला ते ऐकून गहिवरून आलं होतं. लाज नाही वाटली? वाटली, वाटली. पण फोन गोड वाटायचा तो वाटायचाच.

स्वतःची समजूत घालायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं, तीन वर्षं पुरवून पुरवून वापरलेलं. फोटो स्वच्छ होता. मशीनलाच दिसलं नाही, तर मी कोण?

मग हॉस्पिटलात कॉम्प्युटरचा एक नवा प्रोग्रॅम आला.

हृदयाचे फोटो वाचणाऱ्या मॅडम होत्या, वयाने ह्याच्या मुलीएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी जुने चारशे स्कॅन काढायला सांगितले. म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण नसेच्या आत बघत होतो, रस्ता किती अरुंद झालाय ते. हा प्रोग्रॅम नसेच्या बाहेर बघतो, तिच्याभोवतीच्या चरबीकडे."

"चरबीत काय बघायचं?" तो म्हणाला. सव्वीस वर्षं ती चरबी त्याच्या लेखी कचरा होती. नस उठून दिसावी म्हणून पडद्यावर तो तिला आणखी काळी करायचा, आणि त्याचे फोटो सुबक असतात म्हणून त्याचं कौतुकही व्हायचं.

"शेजाऱ्याच्या घरात नळ फुटला तर आपल्या भिंतीला ओल येते की नाही? तसंच. नसेची भिंत आतून सुजली की लागून असलेल्या चरबीला आधी कळतं. तिच्यात पाणी वाढतं, तेल कमी होतं. डोळ्याला हा फरक दिसत नाही, आकड्यांत दिसतो. रस्ता मोकळा असला तरी सूज असू शकते, आणि अशाच जागी कधीतरी अचानक रक्ताची गाठ धरते."

प्रोग्रॅम त्या चरबीला रंग द्यायचा. पिवळी असली तर ठीक, लाल झाली तर सूज. अभ्यासासाठी स्कॅनवरची नावं पुसून नुसते नंबर ठेवले होते. त्याने जुन्या साठ्यातून एकेक स्कॅन काढायचा, प्रोग्रॅमला द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, रंगीत चित्र मॅडमच्या यादीत टाकायचं. दुपारच्या मोकळ्या वेळात रोज सात-आठ व्हायचे. कंटाळवाणं काम, पण त्याला बरं वाटायचं. काचेपलीकडे कोणी नसायचं.

एकशे एकोणचाळीस नंबरचा स्कॅन उघडला आणि हृदयाच्या खालच्या भागात त्याला पायरी दिसली.

पायऱ्या तशा अनेकांच्या येतात. खोकला येतो, दम सुटतो. पण ही पायरी तो हजारांत ओळखला असता. ते दादाचं हसणं होतं. बादली आठवून आलेलं, अर्ध्या सेकंदाचं, तिथे जसंच्या तसं. हात कीबोर्डवरून उचलून त्याने मांडीवर ठेवले. नंबर वगळावा, पुढचा घ्यावा, कोणाला काय कळणार आहे? मग त्याने बटण दाबलं. का दाबलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. दहा मिनिटं तो पडद्यावरची भरत जाणारी पट्टी बघत बसला आणि मनात म्हणत राहिला, पिवळं येऊ दे रे बाबा, पिवळं येऊ दे.

डावीकडून पुढे उतरणाऱ्या मोठ्या नसेभोवती, सुरुवातीचे चार सेंटिमीटर, लालभडक.

मॅडम मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. "ओळखीचा पेशंट?" त्यांनी विचारलं.

"भाऊ माझा. सख्खा. ह्यानंतर दोन वर्षांनी गेला."

मॅडम बाजूचं स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे तेव्हा कोणालाच दिसलं नसतं. मलाही नाही."

झाली की सुटका! तीन वर्षं ज्या वाक्यावर दिवस काढले, त्यावर आज डॉक्टरांचा शिक्काच पडला. उठून चहा प्यायला जायला हरकत नव्हती. पण त्याच्या तोंडून निघालं, "मॅडम, तेव्हाचा रिपोर्ट बघता येईल का? मी कधी वाचलाच नाही."

त्यांनी काढून दिला. पाऊण पानाचा होता. नसा मोकळ्या आहेत, असं होतं, बरोबर होतं. पण खाली अजून तीन ओळी होत्या. डावीकडच्या नसेच्या भिंतीवर पातळ थर आहे. गोळी चालू ठेवावी. छातीत पुन्हा दुखल्यास वेळ न घालवता दाखवावं.

ही साधी, छापील ओळ होती. पाच वर्षं ती दादाच्या कपाटात पाकिटात बसून होती. त्या ओळीला ना नवा प्रोग्रॅम लागत होता ना लाल रंग. फक्त पाकीट फाडायला लागत होतं. आणि ह्याने काय सांगितलं होतं? मी सांगितलंय ना!

त्या दुपारी पुढचा पेशंट आला, एक शिंपी. स्कॅन चांगला निघाला. टेबलावरून उठताना त्याने काचेकडे बघितलं. ह्याचा हात मांडीवरून हललाच नाही. शिंप्याचा चेहरा पार उतरला, तेव्हा हा गडबडीने माइकवर म्हणाला, "घाबरू नका, मला कळत नाही त्यातलं. रिपोर्ट उद्या मिळेल. पूर्ण वाचून घ्या डॉक्टरांकडून." सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिल्या.

मंगळवारी सुट्टी टाकून तो वहिनींकडे गेला. दुसरा मजला, दारावर अजून दादाचीच पाटी. वहिनी ओट्याशी भांडी पुसत होत्या. "या भाऊजी, आज मंगळवारचं कसं येणं केलंत?" त्यांनी चहा ठेवला. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लाल रंग, रिपोर्टातल्या ओळी, आणि त्या सकाळचा फोन.

वहिनींनी गॅस बंद केला. चहा अर्धाच उकळला होता.

"रिपोर्ट मी वाचलाय," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर चौथ्या दिवशी. पाकीट मीच फोडलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला नाही नाही ते म्हणत होते!"

"कोणाला बोलायचं होतं? पोराचे वडील गेले होते. आई तर त्याच्या लेखी त्याच दिवशी गेली. राहता राहिला काका. तोही काढून घेतला असता तर त्याने फोन तरी कोणाला करायचा? म्हटलं, एक तरी माणूस राहू दे त्याला." त्यांनी पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. "आणि मला वाटायचं, तुम्ही सांगाल. आज ना उद्या सांगाल. पहिलं वर्षभर दारावरची बेल वाजली की मला तेच वाटायचं."

तो खाली बसला. "वहिनी, मला माफ करा. तीन वर्षं झोप नाही मला."

आणि मग त्या चिडल्या. सबंध आयुष्यात त्याने त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता.

"झोप? तुमची झोप? म्हणजे आज तुम्ही मनावरचं ओझं उतरवायला आलात होय! माझ्याकडे ठेवायला जागा नाही भाऊजी, आधीच भरलंय घर. नक्की ना, म्हणून विचारलं होतं मी तुम्हाला. आठवतंय? नक्की ना! उतरवायचंच असेल तर तिकडे उतरवा, त्याच्याकडे. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने पुतण्याचा नंबर लावला. एवढे पेशंट पाहिले, पण टेबलावर आडवं पडून निकालाची वाट बघणं म्हणजे काय ते त्याला आज कळलं.

"काका! आज मध्येच? सगळं ठीक ना?"

"ठीक नाही. ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धीर जाईल." आणि त्याने सांगितलं. त्या सकाळी साडेआठला तुझ्या आईने मला फोन केला होता. दवाखान्यात आणू का विचारलं होतं. दोनदा विचारलं. नको म्हणालो तो मी. दूध द्या म्हणालो तो मी. आणि तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा गप्प बसलो, तोही मीच.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तीन वर्षं मी दर रविवारी तुझ्याशी बोलतोय," पुतण्या म्हणाला. "तासतासभर." आणि फोन बंद झाला.

तो फोन हातात धरून बसून राहिला. दोन मिनिटं गेली असतील नसतील, ओट्यावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी हात पदराला पुसले, पडद्यावरचं नाव बघितलं आणि कोणाला तरी विचारावं तसं म्हणाल्या, "आज तर रविवार नाही." मग फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं.

तो उठला. दाराशी वाकून बूट घालताना आतून त्यांचा आवाज येत होता. "हो रे... हो, केला होता... नाही रे राजा, तू कुठे वाईट वागलास... रडू नकोस असा, ऐक तरी..." नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. दार हळूच ओढून घेऊन तो खाली उतरला. गॅसवरचा चहा तसाच राहिला होता.

रविवारी तो आठलाच आंघोळ करून खुर्चीत बसला. फोन आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. दहा वाजले. सव्वादहा झाले. बायको म्हणाली, "कोणाची वाट बघताय?" तो म्हणाला, "कोणाची नाही." साडेदहाला त्याने सगळी लाज गुंडाळून ठेवून स्वतःच पुतण्याला फोन लावला. व्यस्त लागला. निदान वहिनींची चौकशी करावी म्हणून त्यांचा नंबर लावला, तर तोही व्यस्त. अकराला पुन्हा दोन्हीकडे लावून बघितला, साडेअकराला पुन्हा. दोन्ही फोन व्यस्तच होते.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा लावला नाही.